चुन्याच्या रेघेपर्यंत

वाळत घातलेल्या भातातून पाय ओढत चालणं मला नीट चालायला येण्याआधीच येत होतं, असं अम्मा म्हणते. काढणीच्या दिवसांत तिरुवैयारूकडे जाणारा डांबरी रस्ता अर्धा आमचा असतो. एका अंगाला भात पसरलेलं, दुसऱ्या अंगानं बस. उन्हं चढली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही पाय न उचलता ओढत जायचं. मागे दोन सऱ्या उमटतात. परत येताना त्यांच्या शेजारी आणखी दोन. खालचं ओलं वर येतं, वरचं वाळलेलं खाली जातं. तळपायाला ऊब लागते, डोळे जड होतात आणि कुसांचा वास नाकात भरून राहतो. लहानपणी मी खरंच चालता चालता झोपत असे. कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "ए, झोपेत चालतेस की बसखाली येतेस?" तो ओरडला की मी जागी व्हायची आणि पाय तरीही ओढतच राहायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कॉमर्स. हे सांगताना मी लाजत नाही. आप्पा सातवीपर्यंत शिकले, अम्मा पाचवीपर्यंत, तेही तमिळमध्ये. घरात आम्ही आमची तंजावूरकडची मराठी बोलतो, पण ती लिहायला माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. ही अक्षरं मी हिंदीच्या शिकवणीत शिकले आणि मग आमच्या बोलण्याला लावली. त्यामुळे हे लिहिलेलं आमच्या घरात मलाच वाचून दाखवावं लागणार आहे, आणि अम्मा मध्येच "असं मी म्हटलंच नव्हतं" म्हणणार आहे.

आमचं शेत कावेरीच्या एका पाटाजवळ. बहुतेक जमिनीत बुटक्या जातीचं भात असतं, तेच जे सगळ्यांच्या शेतात असतं. ते सरकारी खरेदी केंद्रावर जातं. तिथला माणूस मूठभर दाणे यंत्रात घालतो, यंत्र ओलावा सांगतं, ओलावा जास्त निघाला की रास परत रस्त्यावर. आप्पा यंत्राच्या आधी एक दाणा दाताखाली धरतात. 'कट्ट' असा आवाज आला तर ते रांगेत उभे राहतात, नाही तर घरी येऊन जेवतात. यंत्र आणि आप्पांचा दात यांच्यात भांडण झालेलं मला आठवत नाही.

पण एक खोल शेत आहे, जिथं पाणी साचतं. तिथं बुटकं भात बुडतं. तिथं आम्ही वर्षाआड लालकुशी लावतो. बाहेर तिला काय म्हणतात ते मला माहीत नाही. कुसं लाल म्हणून आमच्या घरात हे नाव. ती माणसाच्या छातीपर्यंत वाढते, पाण्यात उभी राहते, आणि शेवटी कंटाळल्यासारखी आडवी होते. कापणीचं यंत्र तिला उचलू शकत नाही, माणसंच लागतात. लालकुशी केंद्रावर न्यायची नाही. नेली तरी तिथं ती नुसतं भात. पापनाशमचा व्यापारी ती घेतो आणि आमच्यासमोरच दुसऱ्या राशीत ओततो. एकदा ते पाहिलं तेव्हा आप्पांनी मान वळवली. पाण्यात पाणी मिसळलं तर दिसत नाही. तांबडं पिवळ्यात मिसळलेलं थोडा वेळ दिसतं.

म्हणून लालकुशी घरात राहते, कुदिरात. कुदिर म्हणजे मातीची उंच कणगी, माझ्या डोक्याहून उंच. वरून भरायची, तळाशी मुठीएवढं भोक असतं, त्यात कापडाचा बोळा. बोळा काढला की भात सरसर खाली येतं. कुदिराच्या पोटावर, जमिनीपासून साधारण गुडघ्याइतक्या उंचीवर, अम्मा दर पोंगलला चुन्याची एक रेघ काढते, गोल फिरवून. मी ती दाराच्या रांगोळीसारखी शोभेची समजत असे. शोभेचीच वाटते ती.

आमच्या घरात नवा तांदूळ पाहुण्याला वाढत नाहीत. नवा तांदूळ पोंगलला, देवाला, आणि मग पुरे. बाकीच्या भातानं वर्षभर कुदिरात पडून राहायचं. "त्याला झोपू दे," आप्पा म्हणायचे. झोपलेल्या भाताचा तांदूळ शिजला की दाणा दाण्याला चिकटत नाही, आणि वास असा येतो की शेजारचे विचारतात. लहानपणी मी कुदिराला कान लावून बसायची. आत काहीतरी फार हळू सरकायचं. मला वाटायचं, भात कूस बदलतंय.

तर गेल्या माशी महिन्यात, म्हणजे थंडी सरून ऊन तापायला लागतं त्या दिवसांत, आप्पा जेवताना म्हणाले, "यंदा लालकुशी नाही. खोल शेत तसंच ठेवायचं, नाहीतर मासे सोडायचे."

अम्माचा हात वाढताना थांबला. मी म्हटलं, "आणि बी?"

बी आढ्याला टांगलेल्या पोत्यात होतं, राख घालून ठेवलेलं. वर्षाचं, पेरणीपर्यंत दीड वर्षाचं होणार. लालकुशीचं बी दोन वर्षं झोपलं की उठत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. म्हणजे या आडीत, नदीला पाणी सुटतं त्या महिन्यात, पेरलं नाही तर संपलं. हे बी दुसऱ्या कुणाकडे आहे असं आम्हाला माहीत नव्हतं.

"खाणारे कोण? आपण तिघं," आप्पा म्हणाले. "तिघांसाठी कुणी शेत लावतं का? माणसं मिळत नाहीत कापायला. मिळाली तर विकत कोण घेतं?"

"मी विकते," मी म्हणाले.

"कुणाला?"

"मार्केटिंग हा विषय होता मला. दोन वर्षं."

"मग दोन वर्षांत भात विकायला शिकवलं?"

खरं सांगायचं तर साबण आणि टूथपेस्ट विकायला शिकवलं होतं. पण तोंडातून शब्द गेला होता. आप्पांनी ताटात पाणी ओतलं आणि म्हणाले, "सरी, डिग्रीबाई. आडी अठराच्या आधी कुदिर रिकामा करून दाखव. पेरतो." 'सरी' म्हणजे बरं, आप्पांचं हे उत्तर तमिळच असतं. अम्मानं आमच्या दोघांकडे अशी नजर टाकली, जशी ती दूध उतू जाताना टाकते.

मी तंजावुरात एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. सकाळची टाउन बस, संध्याकाळची टाउन बस. त्या दिवसांत बसच्या खिडकीतून मला सगळीकडे लालकुशीच दिसायची. तांबूस मातीचा बांध दिसला तरी वाटायचं, तीच. फोनवर मी दुकानं शोधली. चेन्नईत एक दुकान होतं, जुन्या जातींचे तांदूळ, राळे, नाचणी असं विकणारं. मालकीणबाई फोनवर अर्धं तमिळ अर्धं इंग्रजी बोलायच्या. म्हणाल्या, आजकाल लोक विचारतात, डॉक्टरांनी पांढरा भात बंद केलेले असतात, लहान मुलांच्या आया असतात. एक किलोच्या पिशव्या हव्यात. शेतकऱ्याचा फोटो हवा.

आप्पांनी फोटोसाठी धुतलेला शर्ट घातला. मी म्हटलं, "शेतातले कपडे घाला, त्यांना तसेच हवेत." ते म्हणाले, "चेन्नईला मी बनियनवर जाणार नाही." शेवटी धुतलेल्या शर्टातच गेले.

मोठ्या गिरण्या आमच्याएवढं थोडं भात घेत नाहीत. तिरुवैयारूच्या अलीकडे एक जुनी छोटी गिरणी आहे. तिचा मालक मला तंगच्ची म्हणतो, धाकटी बहीण. त्यानं पोती बघितली आणि म्हणाला, "काय तंगच्ची, एवढंसं? माझ्या यंत्राच्या दाढेत अडकून बसेल." पण त्यानं दुपारची वेळ दिली, पट्टा सैल केला, कोंडा थोडा राहू दिला. तांदूळ बाहेर आला तो तांबूस, पहाटेच्या पाण्यासारखा. गिरणीत सगळीकडे कोंड्याचा धूर उन्हात तरंगत होता आणि मी त्यात उभी होते. वाटत होतं, झालंच. चेन्नई ती काय.

पिशव्या घरातच भरल्या. मी मापून द्यायची, अम्मा भरायची, आप्पा पिशवीचं तोंड यंत्राच्या तापत्या पट्टीखाली धरून बंद करायचे. त्यांना ते यंत्र फार आवडलं. अर्धाअधिक कुदिर पिशव्यांत गेला.

आता जे सांगते ते नीट सांगायला हवं. प्रत्येक पिशवीत अम्मा वेखंडाचा एक तुकडा आणि कडुनिंबाची चार वाळलेली पानं घालत होती. तांदूळ घरातून बाहेर जायचा असेल तर त्यात वेखंड घालायचंच. नाही घातलं तर पोरकिडे लागतात आणि घरादाराची अब्रू जाते. ती माझ्यासमोर घालत होती. मी रोज पाहत होते. पण मला त्यात काही दिसलंच नाही. तांदूळ म्हटला की माझ्या नाकाला तोच वास माहीत होता. साखर गोड लागते याकडे कुणी लक्ष देतं का?

तीन आठवड्यांनी मालकीणबाईंचा फोन आला. आवाज सभ्य होता, म्हणूनच मला भीती वाटली.

"तुमच्या तांदळात काड्या आहेत."

"काड्या?"

"मुळ्या. वाळलेली पानं. लोकांनी फोटो पाठवलेत. एकीनं लिहिलंय, औषधाच्या दुकानासारखा वास येतो. एकीनं लिहिलंय, तासभर शिजवला तरी कडक."

"मॅडम, ते वेखंड आहे. ते चांगलं असतं."

"असेल हो. पण लोकांना ते कचरा दिसतं. मी काय करू?"

उरलेल्या पिशव्या परत आल्या. पार्सल ऑफिसातून मी त्या ऑटोत घालून बस स्टँडवर आणल्या आणि बसच्या मागच्या सीटवर रचल्या. कंडक्टर म्हणाला, "तिरुवैयारूहून तांदूळ तंजावूरला जातो, हे ऐकलंय. तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना आजच पाहतोय." मी हसले नाही. पूल ओलांडताना खाली नदीच्या वाळूत बारीकशी धार होती, मांजराच्या शेपटीएवढी. पाणी सुटायला अवकाश होता. ते मला बरं वाटलं. जणू पाणी येईपर्यंत कुठलाच निकाल लागणार नव्हता.

आप्पांनी पिशव्या उतरवून घेतल्या. काय झालं ते ऐकलं. म्हणाले, "सरी." एवढंच. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते. त्या 'सरी'ला उलट बोलता येत नाही. ते वर आढ्याकडे बघत नव्हते, बियांच्या पोत्याकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखे.

मी अम्माला म्हटलं, "सगळ्या फोडू. पानं काढू. परत बंद करू."

"आणि पोरकिडे? ते चालतील त्यांना?"

"त्यांना स्वच्छ हवाय."

"हा स्वच्छच आहे. मी निवडलाय."

"अम्मा, त्यांना कळत नाही."

"मग सांग त्यांना. शिकलीस कशाला?"

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मी दोन दिवस पिशव्यांच्या ढिगाकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी दहा पिशव्या घेऊन ऑफिसला गेले.

तंजावुरात मोठ्या देवळाच्या अलीकडच्या गल्लीत आमच्यातल्या, मराठी बोलणाऱ्या, एक बाई राहतात, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरी आता शेत नाही, दुकानातला तांदूळ येतो. मी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर पिशवी ठेवली. त्यांनी कात्रीनं कोपरा कापला, बोटं आत घातली, वेखंड काढलं, नखानं खरवडलं, नाकाशी नेलं.

"हे कुणी घातलं?"

"अम्मानं."

"एकच?"

"अं?"

"माझ्या सासूबाई दोन घालायच्या. तुझी अम्मा चिकट दिसते."

मी इतकी जोरात हसले की आतून त्यांची सून बघायला आली. सुनेनं बाईंच्या हातातला तुकडा बघून विचारलं, "हे काय, अत्ते?" तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "बघितलंस? ही एकटी असती तर तिनं हे कचऱ्यात टाकलं असतं. तिचा दोष नाही. तिला कुणी सांगितलं? तुम्ही पिशवीवर बापाचा फोटो लावलात, शर्ट छान आहे, पण तांदूळ भिजवायचा किती ते कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. आमच्या घरात कुणी कुणाला सांगत नाही की जुना तांदूळ आधी भिजवायचा आणि पाणी जास्त घालायचं. हात घालतात पाण्यात आणि कळतं. मला वाटलं होतं तांदूळ विकायचा असतो. ते हातातलं कळणं पिशवीत घालायला मी विसरले होते.

मी चिठ्ठी लिहिली, तमिळमध्ये, सोप्या वाक्यांत. हा तांदूळ वर्षभर झोपलेला आहे, त्याला दोन तास पाण्यात ठेवून जागं करा. यात एक मूळ आणि पानं आहेत, ती किडे येऊ नयेत म्हणून आमच्या आईनं घातली आहेत. तांदूळ संपेपर्यंत ती काढू नका. अम्मानं ती वाचली, ओठ हलवत. मग म्हणाली, "आईनं घातली असं कशाला लिहायचं?" पण चिठ्ठ्या पिशव्यांना चिकटवायचं काम तिनं मला करू दिलं नाही, स्वतः केलं, प्रत्येक चिठ्ठी सरळ.

मग काही महिने मी तंजावूरभर पिशव्या नेल्या. ऑफिसातले, कॉलेजचे प्राध्यापक, त्यांचे शेजारी. एका प्राध्यापकांनी न भिजवता कुकरला लावला आणि मला बोलावून डबा दाखवला. त्यांना मी चिठ्ठी वाचून दाखवली. चेन्नईच्या मालकीणबाईंनी चिठ्ठीचा फोटो बघून थोड्या पिशव्या परत मागवल्या. थोड्याच. म्हणाल्या, बघू. मला त्यांचा राग नाही. त्यांना रोज शंभर अनोळखी माणसांना खूश ठेवायचं असतं, मला ओळखीच्यांनाच. पिशव्या संपल्या, कुदिरातून आणखी भात काढलं, गिरणीवाल्याच्या दाढेत ते याही वेळी अडकलं नाही.

आडी सतराला दुपारी नदीला पाणी आलं होतं. पाटातही आलं. घरात बसल्या जागी त्याचा आवाज येत होता, कुणीतरी लांबवर साडी घोळवावी तसा. आप्पा कुदिरापाशी गेले. बोटांच्या पेरांनी वरून खाली वाजवत आले. पोकळ, पोकळ, पोकळ. गुडघ्याच्या थोडं वर आवाज भरला. ते थांबले. पुन्हा वाजवलं. चुन्याच्या रेघेच्या वर दोन बोटं.

मी गिऱ्हाइकांची नावं मनात फिरवून पाहिली. उद्याच्या आत एवढं घेणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, रिकामा झाला नाही."

"नाही झाला," ते म्हणाले.

ठरलं होतं ते ठरलं होतं. शब्द मीच दिला होता. मला रडू आलं नाही, मी नुसती पाय ओढत मागे सरले, रस्त्यावरच्या भातात चालते तशी.

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मी यायच्या आधीपासून हा कुदिर कधी रिकामा झालेला नाही. तुमच्या आईनं मला पहिल्या दिवशी सांगितलं, रेघेच्या खालचं घरचं. पाऊस बुडवो, कोण आजारी पडो, तळ दिसू द्यायचा नाही. दर पोंगलला मी रेघ काढते ती कशाला? आणि तुम्ही दोघं कशावर पैज लावून बसलात? माझ्या कुदिरावर? मला विचारलं कुणी?"

मग मी म्हटलं, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला बघायचं होतं, हिला विकता येतं का," अम्मा आप्पांना म्हणाली.

आप्पा कुदिराला टेकले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मी बीकॉम, मी सगळ्यांचा हिशेब मांडला आणि आम्ही तिघं वर्षभर काय खाणार तेवढंच वगळलं. त्यांना हे आधी माहीत होतं का, मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते 'सरी' म्हणतील.

"तरी दोन बोटं उरतात," ते शेवटी म्हणाले.

"उरतात ना," अम्मा म्हणाली आणि बोळा काढला. भात टोपल्यात सरसर येऊ लागलं. तिनं रेघेकडे डोळे लावून ठेवले आणि आवाज बदलला तशी बोळा लावला. "हे गिरणीत न्या. उद्या नदीवर आपला भात असेल. गल्लीतल्या सगळ्यांना."

आडी अठरा हा नदीच्या नव्या पाण्याचा सण, त्या दिवशी नदीकाठी भात न्यायचाच असतो: लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा, दह्याचा. आप्पांनी मोपेडवर पोतं घातलं. निघताना ते वळले, स्टूल ओढलं, वर चढले आणि आढ्याचं बियांचं पोतं सोडून खाली घेतलं. राख त्यांच्या शर्टावर पडली. तोच फोटोतला शर्ट होता.

दुसऱ्या दिवशी घाटावर पायऱ्या दिसत नव्हत्या, इतक्या बायका. हळद, फुलं, पाण्यात सोडलेले दिवे, ओल्या पदरांचा वास. अम्मा पानावर भात वाढत होती आणि न विचारताच प्रत्येकीला सांगत होती, दोन तास भिजवलाय. मी शेवटच्या पायरीवर बसले होते, पाय पाण्यात सोडून. पाण्याला घाई होती, पण ते मला ओढत नव्हतं.

थोडं खाली, गर्दीच्या बाहेर, आप्पांनी बियांचं पोतं पाण्यात सोडलं होतं. त्याला काथ्याची दोरी, दोरीचं दुसरं टोक त्यांच्या हाताला गुंडाळलेलं. पेरायच्या आधी बी रात्रभर भिजवून मग काढायचं असतं. पोतं पाण्याखाली जायचं, पुन्हा थोडं वर यायचं, प्रवाहाकडे कलायचं. कूस बदलत असल्यासारखं. मी सरकत त्यांच्या शेजारी गेले. ते म्हणाले, "धर," आणि दोरीचं टोक माझ्या हातात देऊन भात खायला वर गेले.